कॅम्परव्हॅन सोडून शिडाच्या बोटीत राहायचंय? आधी हा फरक समजून घ्या

जुन्नर-आंबेगावात कॅम्परव्हॅन घेऊन फिरणं तसं सोपं. माळशेज, नाणेघाट, डिंभे धरण, भीमाशंकर सगळं काही तासांच्या अंतरावर. पाणी संपलं तर ओतूर किंवा घोडेगावला टाकी भरता येते, टायर फुटला तर पंक्चरवाला सापडतो. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरणही आणलं.

अशी सवय झालेल्या अनेकांना पुढची पायरी म्हणून शिडाची बोट खुणावते. छोटं स्वयंपाकघर, सोलर पॅनल, मोजकं सामान... दोन्हीकडे सारखंच वाटतं. मग नेमकं काय बदलतं?

थांबणं

व्हॅनला हँडब्रेक लावला की झोप लागते. बोट नांगरावर असली तरी वारा फिरतो, भरती-ओहोटी सुरूच असते आणि नांगर सरकू शकतो. म्हणून रात्रीही उठून बोटीची जागा तपासावी लागते.

पाणी

समुद्रात नळ नाही. दोन माणसांनी प्रत्येकी रोज फक्त ५ लिटर पाणी वापरलं, तरी ३० दिवसांना ३०० लिटर लागतं. ते सोबत न्यायचं किंवा खारं पाणी गोडं करणारं यंत्र बसवायचं. ते यंत्र चालवायला वीजही जास्त लागते.

दुरुस्ती

खाऱ्या हवेने धातू गंजतो, बुडाला शंखशिंपले चिकटतात. शीड, दोर, पंप, वायरिंग स्वतःला दुरुस्त करता आलं पाहिजे. कमांडर दिलीप दोंदे यांचं उदाहरण बघा. शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघून ते १९ मे २०१० ला परतले. पण तयारी २००६ पासूनच सुरू होती. त्यांची 'म्हादेई' गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली जात असताना ते त्या कामात सोबत होते. बोट आतून माहीत असणं हीच त्यांची मोठी तयारी होती.

मदत

सगळ्यात मोठा फरक इथे आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब शर्यतीत अभिलाष टॉमी यांच्या बोटीची डोलकाठी वादळात मोडली आणि त्यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. ठिकाण होतं दक्षिण हिंदी महासागर. फ्रेंच जहाज त्यांच्यापर्यंत पोहोचायला जवळपास तीन दिवस लागले. हेच टॉमी २०२३ मध्ये त्याच शर्यतीत दुसरे आले.

पावसाळा

व्हॅनवाल्यांसाठी माळशेजचा सीझन म्हणजे पावसाळा. कोकण किनाऱ्यावर मात्र त्याच काळात समुद्र खवळलेला असतो. राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीही बंद असते. म्हणजे पावसाळ्यात बोट कुठे ठेवणार, हे आधीच ठरवावं लागतं. त्यात आपल्याकडे मरीना मोजक्याच.

मग सुरुवात कुठून करायची?

- व्हॅन लगेच विकू नका. आधी शिडाची बोट चालवण्याचं प्रशिक्षण घ्या.
- दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून काही दिवस-रात्री काढा.
- व्हॅनमध्येच सराव करा. बाहेरून पाणी-वीज न घेता किती दिवस निघतात ते मोजा.
- नोंदणी, परवाने आणि विम्याची चौकशी बोट घेण्याआधी करा.

थोडक्यात, व्हॅनमधलं स्वातंत्र्य रस्त्याच्या आणि गावांच्या भरवशावर असतं. बोटीत तो भरवसा स्वतःच सोबत न्यावा लागतो.