गुपित चिठ्ठीत राहू द्या

कुणी चुलीपुढे असाल, कुणी शेंगा फोडत बसला असाल, तर हातातलं काम चालू ठेवा, फक्त रेडिओचा आवाज थोडा वाढवा. आज आपण हप्ता, व्याज, रजिस्टर यातलं काही बोलणार नाही. आज बोलायचं आहे खेळाबद्दल.

वर्षभरात आपण कितीदा जमतो बघा. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू, आठ मार्चचा महिला दिन, श्रावणातली मंगळागौर, कुणाचं डोहाळेजेवण, कुणाचं बारसं, दिवाळीत माहेरी आलेल्या लेकी, आणि आपल्या गटाचा वाढदिवस. जमलो की खेळ ठरलेले. संगीतखुर्ची, लिंबू-चमचा, फुगे फोडणं. मजा येते, नाही असं नाही. पण दरवेळी त्याच तीन-चार चपळ बायका जिंकतात आणि बाकीच्या टाळ्या वाजवतात. गुडघे दुखणारी मावशी बाजूला बसते. नवीन सून भिंतीला टेकून सगळ्यांचे चेहरे बघत राहते. आणि चहा करणाऱ्या दोघी तर स्वयंपाकघरातून बाहेरच येत नाहीत.

म्हणून एक असा खेळ सांगते, ज्यात पळावं लागत नाही, जागा लागत नाही, पैसा लागत नाही आणि कुणी बाहेर बसत नाही. याला आम्ही ‘गुपित कामगिरी’ म्हणतो. आलेल्या प्रत्येकीला दारातच एक चिठ्ठी द्यायची. त्या चिठ्ठीत एक छोटंसं काम लिहिलेलं असतं. ते काम गप्पा मारता मारता, चहा पिता पिता असं करायचं की कुणाला कळता कामा नये. शेवटी सगळ्यांच्या चिठ्ठ्या उघडायच्या. कुणी काय केलं आणि कुणाला किती फसवलं, हे तेव्हा कळतं, आणि खरं हसू तेव्हाच येतं.

हे काही परक्या मुलखातून आणलेलं नाही. नवरात्रात आपण फेर धरतो, कुठे भोंडला म्हणतात, कुठे हादगा. फेर संपला की खिरापत झाकून ठेवायची आणि बाकीच्यांनी ओळखायची. डबा हलवून बघायचा, वास घ्यायचा, गोड की तिखट विचारायचं. खिरापत चिमूटभर असते, पण गंमत तिच्या झाकणात असते. राजा, प्रधान, शिपाई, चोर या चार चिठ्ठ्यांचा खेळ तर आपण शाळेच्या ओट्यावर खेळलोय. ज्याच्याकडे चोराची चिठ्ठी तोच सगळ्यांत साळसूद चेहरा करून बसायचा! गुपित कामगिरी याच घरातली. फरक एवढाच की खेळ बाजूला मांडावा लागत नाही, कार्यक्रम चालू असतानाच तो आतून चालू राहतो.

आता तयारी सांगते. वीस बायका येणार असतील तर पंचवीस चिठ्ठ्या करा. जुन्या वहीचे कोरे कागद चालतात. एकीला चिठ्ठीवाली नेमा. ती स्वतः खेळत नाही, पण कुणाला काय काम दिलंय हे तिला ठाऊक असतं. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. गटात वाचता न येणाऱ्या बायका असतील तर त्यांच्यापुरतंच काम कानात सांगू नका. मग कुणाला वाचता येत नाही ते सगळ्यांपुढे उघडं पडतं. त्यापेक्षा चिठ्ठी कुणालाच देऊ नका, सगळ्यांनाच कानात सांगा. त्याचीही वेगळीच मजा आहे.

चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे करा. पहिला गठ्ठा सोपा, लाजऱ्या बायकांसाठी आणि पहिल्यांदा आलेल्यांसाठी. ‘बोलता बोलता तीनदा अगंबाई म्हणा.’ ‘कुणालातरी तिच्या माहेरचं गाव विचारा आणि तिथला बाजार कोणत्या वारी भरतो ते काढून घ्या.’ ‘जिच्याशी आजवर बोलला नाहीत तिच्या शेजारी जाऊन बसा.’

दुसरा गठ्ठा डोकं चालवायला लावणारा. ‘तुम्ही मिरची हा शब्द न उच्चारता दुसरीच्या तोंडून तो वदवून घ्या.’ वाटतं सोपं, पण करून बघा. तुम्ही ठेच्याचा विषय काढता, ती लसणाबद्दल बोलते. तुम्ही म्हणता आमच्याकडे तिखट कमी खातात, ती म्हणते आमच्याकडे मीठ कमी खातात! दुसरी चिठ्ठी, ‘काही न बोलता तीन जणींना पदर सावरायला लावा.’ आपण वारंवार आपला पदर नीट केला की समोरचीचा हात आपोआप तिच्या पदराकडे जातो. तिसरी, ‘जांभई देऊन दोघींना जांभई द्यायला लावा.’ जांभई एकीची दुसरीला लागतेच, त्यामुळे ही कामगिरी सहसा फसत नाही.

तिसरा गठ्ठा कसाचा. ‘चहा करणाऱ्या बाईला काहीतरी निमित्त काढून बाहेर बसवा आणि पाच मिनिटं तिच्या जागी उभ्या राहा.’ ‘सगळ्यांत वयस्कर आजीला तिच्या लहानपणीचा खेळ सांगायला लावा, आणि ऐकायला निदान चौघी गोळा करा.’ ‘कोपऱ्यात गप्प बसलेल्या बाईला मध्ये आणून बसवा, पण ओढून नाही, बोलण्यात गुंतवून.’

घरच्या मेळाव्यात पुरुष आणि मुलंही असतात. त्यांनाही चिठ्ठी द्या. मुलांसाठी, ‘आजोबांना त्यांची पहिली कमाई किती होती ते विचार.’ पुरुषांसाठी, ‘जेवण झालं की आपलं आणि शेजारच्याचं ताट गुपचूप उचलून मोरीत ठेवा.’ कुणी पकडलं तर तिथेच उभं राहून दोन्ही ताटं घासायची. हसू नका, दिवाळीत एकदा करून तर बघा.

नियम थोडेच ठेवा. वेळ एक तास. कुणाचा संशय आला तर ‘पकडलं’ म्हणायचं आणि तिची कामगिरी काय असेल ते सांगायचं. पण प्रत्येकीला दोनच अंदाज, नाहीतर जी ती हिला पकडलं, तिला पकडलं करत सुटते. न पकडता काम झालं तर दोन गुण, काम झालं पण पकडली गेली तर एक, दुसरीला बरोबर पकडलं तर एक. बक्षीस म्हणून गुळाचा खडा किंवा एक गजरा पुरे. पैसे लावायचे नाहीत.

आता मैत्रिणींनो, जरा हात थांबवून ऐका, कारण आजच्या बोलण्यातला महत्त्वाचा भाग हा आहे. चिठ्ठीचा खेळ माणसं जवळ आणतो, तसा तो माणूस दुखावूही शकतो. सगळं चिठ्ठीत काय लिहिलं यावर आहे. साधा नियम ठेवा. गुपित चिठ्ठीतलं असावं, कुणाच्या आयुष्यातलं नसावं. ‘अमकीला विचारा मूल कधी होणार’, ‘तमकीच्या नवऱ्याची नक्कल करा’, ‘कुणाचा हप्ता थकलाय ते काढून घ्या’, अशा चिठ्ठ्या लिहिणाऱ्याला गंमत वाटते आणि जिच्यावर बेततं ती त्या रात्री झोपत नाही. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या नळावर तोच विषय असतो. पुढच्या बैठकीला ती येत नाही, आणि गटाला वाटतं हिला वेळ नाही.

उखाण्याचंही तसंच आहे. हौसेने नाव घेतलं तर गोड. पण ‘हिला उखाणा घ्यायला लावा’ अशी चिठ्ठी लिहू नका. समोर बसलेलीचा नवरा वारला असेल, तिला सोडून गेला असेल, किंवा आज सकाळीच घरात काय झालं असेल, आपल्याला काय ठाऊक?

चिठ्ठी लिहिताना तीन प्रश्न स्वतःला विचारा. हे काम माझ्या सासूच्या आणि माझ्या लेकीच्या वाट्याला आलं तर मला चालेल का? यात जे घडेल ते उद्या गावात सांगितलं तर कुणाला तोंड लपवावं लागेल का? आणि बाईला नको म्हणता येईल का? तिसरा प्रश्न सगळ्यांत मोठा. चिठ्ठी आवडली नाही तर ती परत करायची, दुसरी घ्यायची, आणि का म्हणून कुणी विचारायचं नाही. नको म्हणायची सवय आपल्याला कुणी लावली नाही, ती खेळातून लागली तर बरंच आहे. उपास असलेलीला खायला लावणं, गरोदर बाईला नाचायला लावणं, अंगाला हात लावणं, हे काही चिठ्ठीत नको. फोटो किंवा व्हिडिओ काढायचा तर आधी विचारा, आणि स्टेटसवर ठेवायचा तर पुन्हा एकदा विचारा.

हळदीकुंकवाबद्दल एक बोलायलाच हवं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा आदर्श घ्या असं कळवलं. ठराव होणं मोठीच गोष्ट. पण तुमच्या-माझ्या गावात हळदीकुंकवाच्या दिवशी त्या बायका कुठे असतात, हे आपण रोज बघतो. कुणी येतच नाही, कुणी येते ती भांडी घासायला मागच्या दाराने.

चिठ्ठीचा खेळ इथे उपयोगी पडतो. चिठ्ठी दारात उभ्या असलेल्या प्रत्येकीला मिळते. ती कुणाचं कपाळ बघत नाही. हातात चिठ्ठी आली की ती बाई पाहुणी राहत नाही, खेळगडी होते, आणि खेळगड्याला मागच्या दाराने जाता येत नाही. मात्र ‘अमक्या काकूंना कुंकू लावा’ असं काम चिठ्ठीत कधीही घालू नका. त्यांना कुंकू हवं की नको हे त्यांना सरळ, मानाने विचारायचं. तो खेळ नाही.

शेवटी चिठ्ठ्या उघडून हसून झालं की पाच मिनिटं गोल बसा आणि एकच प्रश्न विचारा. आज कुणाबद्दल काय नवीन कळलं? आपल्या गटात दहा ते वीस बायका असतात. कुणाचं कर्ज किती, हप्ता किती, हे आपल्याला तोंडपाठ असतं. पण शेजारी बसलेलीचं माहेर कुठलं, ती लहानपणी काय खेळायची, हे माहीत नसतं. कर्जाला संमती देताना आपण एकमेकींवर विश्वास ठेवतो. तो विश्वास रजिस्टरमधल्या सहीने येत नाही, माणूस ओळखीचं झाल्याने येतो. जी बाई खेळात सगळ्यांसमोर एकदा ‘पकडलं’ म्हणून ओरडते, तिला पुढच्या बैठकीत ‘मला हे पटत नाही’ म्हणायला कमी भीती वाटते.

तेव्हा पुढच्या बैठकीत दहाच चिठ्ठ्यांनी सुरुवात करा. आधी बचत जमा करा, परतफेड लिहा, सह्या घ्या, मग चिठ्ठ्या वाटा. हिशेब आधी, खेळ नंतर. आणि चिठ्ठ्या एकीनेच लिहू नका, दोघींनी मिळून लिहा. एकीच्या नजरेतून सुटलेलं दुसरीला दिसतं. तुमच्या गावात सुचलेली एखादी छान कामगिरी असेल तर आम्हाला जरूर कळवा, आपण ती इथून सगळ्यांना ऐकवू. येते मैत्रिणींनो. नमस्कार.