शंखातला भालाईत

बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या तुकईथडहून समुद्र लांब. पण बुऱ्हाणपूरची तापी सुरतेपुढे ज्या अरबी समुद्राला मिळते, त्यात एक संथ शिकारी राहतो: शंकूच्या आकाराची कोनस गोगलगाय. तिचा नक्षीदार शंख पाहताच हात पुढे जातो. तोच घात.

काही कोनस किडे खातात, काही दुसऱ्या गोगलगायी; मासे मारणाऱ्या मात्र थक्क करतात. वाळूत दबून अशी गोगलगाय सोंड हळूच बाहेर काढते. टोकाला असतो पोकळ, आकड्याचा दात, म्हणजे विषाने भरलेला इवलासा भाला. मासा जवळ आला की भाला सुटतो आणि मासा जागीच ताठतो. दात एकदाच वापरायचा. पुढच्या शिकारीला नवा. ‘कोनस जिओग्राफस’च्या दंशाने माणसेही दगावली आहेत, आणि त्यावर उतारा नाही.

मला मोलाचे वाटते ते याच विषाचे दुसरे रूप. ‘कोनस मॅगस’च्या विषातील एका घटकाच्या नमुन्यावर झिकोनोटाइड हे वेदनाशामक बनले, अमेरिकेत त्याला 2004 मध्ये मंजुरी मिळाली. मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात ते थेट सोडतात. वेदनेचा निरोप पुढे नेणाऱ्या कॅल्शियमच्या वाटा ते अडवते, आणि मॉर्फिनसारखे व्यसन लावत नाही. आपल्याकडेही मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील के. एस. कृष्णन यांनी भारतीय किनाऱ्यावरच्या कोनसांच्या विषावर काम केले.

कोकणात फिरायला गेलात, तर पाण्यातला जिवंत शंकू-शंख उचलू नका, खिशात तर मुळीच टाकू नका. मुलांनाही आधीच सांगून ठेवा.