०.७५ गुण आणि ११ रुग्ण

खांद्याजवळ दंडाचं हाड मोडून सरकलेल्या २५० जणांवर ब्रिटनमध्ये ‘प्रोफर’ ही चाचणी झाली. निम्म्यांच्या वाट्याला शस्त्रक्रिया आली, निम्म्यांच्या वाट्याला झोळी. फिजिओथेरपी मात्र दोन्ही गटांना दिली गेली. निकाल २०१५ साली लागला. ४८ पैकी सरासरी गुण शस्त्रक्रियेच्या गटाला ३९.०७, झोळीच्या गटाला ३८.३२. फरक ०.७५.

हे गुण बारा प्रश्नांतून येतात. त्या हाताने केस विंचरता येतात का? कपडे टांगता येतात का? दोन्ही काखा धुऊन पुसता येतात का? प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण. म्हणजे ०.७५ हा एका प्रश्नातल्या एका पायरीहूनही कमी. रुग्णाला जाणवेल असा फरक संशोधकांनी ५ गुणांचा धरला होता.

एवढ्यावरून ‘झोळी पुरे’ असं सरसकट म्हणणं मला धोक्याचं वाटतं, कारण हे २५० जण कोण होते ते पाहावं लागतं. अमेरिकन सर्जन चार्ल्स नीअर यांनी १९७० साली या मोडीचे प्रकार पाडले. तुकडा १ सेंटिमीटर सरकला किंवा ४५ अंश कलला, तरच तो वेगळा मोजायचा. या मोजमापाने चाचणीत दोन तुकड्यांचे रुग्ण १२८, तीन तुकड्यांचे ९३ आणि चार तुकड्यांचे फक्त ११, म्हणजे ४.४ टक्के. मोडीबरोबर सांधा निखळलेले रुग्ण तर घेतलेच नव्हते. दुर्मीळ मोडींबद्दल ०.७५ हा आकडा जवळजवळ काहीच सांगत नाही.

तिथे प्रश्न दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाला असलेल्या गोळ्याच्या रक्तपुरवठ्याचा असतो. स्विस सर्जन हर्टेल यांनी २००४ साली १०० मोडी तपासल्या. गोळा मुळापासून तुटलेला, त्याला चिकटून राहिलेलं हाड ८ मिलिमीटरपेक्षा कमी आणि आतली कड २ मिलिमीटरहून जास्त सरकलेली, हे तिन्ही एकत्र असतील तर रक्त थांबल्याचा अंदाज ९७ टक्के बरोबर. मात्र रक्त थांबलेले १० गोळे पुन्हा बसवले तेव्हा त्यातले ८ पुढे खचले नाहीत. रक्त थांबलं म्हणजे गोळा गेलाच, असं नव्हे.

वयस्कांसाठी तिसरा मार्ग उलट्या कृत्रिम खांद्याचा. यात गोळा खवाट्यावर बसवतात आणि वाटी दंडावर. नॉर्वेत ६५ ते ८५ वयाच्या १२४ जणांमध्ये या सांध्याला दोन वर्षांनी वेगळ्या मोजपट्टीवर १०० पैकी ६८ गुण मिळाले, प्लेट-स्क्रूने हाड जोडण्याला ५४.६. फरक १३.४. अधिक गंभीर मोडींमध्ये तोच १८.७ वर गेला.

कुठलीही शस्त्रक्रिया झाली तरी व्यायाम सुटत नाही. सुरुवातीला टेबलावर चांगला हात टेकून वाकायचं, दुखरा हात लोंबता सोडायचा आणि छोटी वर्तुळं काढायची. भिंतीवर बोटं चढवणं त्यानंतरचं. केसांपर्यंत कंगवा पोचायला महिने जातात. ‘प्रोफर’ने गुण मोजले तेही ६, १२ आणि २४ महिन्यांनी.