घरापासून दूर, स्वतःच्या जवळ

आषाढी वारीत माळशिरसचा मुक्काम आटोपून माउलींची पालखी वेळापूरला येते. उतारावरून पंढरीच्या दिशेने वारकऱ्यांचा ‘धावा’ होतो आणि गाव भरून जातं. याच पालखीबरोबर एकदा मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे चालल्या. त्यांच्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठा बायका होत्या. अभंग एकत्र म्हटले जात, पण चुली वेगळ्या पेटत. भक्तीही खरी आणि दुरावाही खरा, हे इरावतीबाईंनी एकाच नजरेने टिपलं आणि त्यावर लिहिलं. त्या लेखाचा इंग्रजी अनुवाद १९६२ मध्ये ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’मध्ये प्रसिद्ध झाला.

ही नजर घडण्यात परदेशातल्या दोन वर्षांचाही वाटा होता. १९२८ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी इरावतीबाई संशोधनासाठी बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. युरोपीय वंशाची कवटी दोन्ही बाजूंनी असमान असते आणि त्याचा संबंध श्रेष्ठ बुद्धीशी आहे, असं गृहीतक त्यांनी मांडलं होतं. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. असमानता सगळ्याच वंशांत आढळली. परकी भाषा, परका देश, समोर नामांकित प्राध्यापक. तरीही त्यांनी प्रबंधात आकडे सांगत होते तेच लिहिलं. वंशश्रेष्ठत्वाच्या याच विचारांनी पुढे नाझी राजवटीला बळ दिलं, हे लक्षात घेतलं की त्या प्रबंधाचं मोल कळतं.

आज सोलापूर जिल्ह्यातल्या लहान गावांतूनही मुलं-मुली जर्मनी, आयर्लंड, नेदरलँड्सला शिकायला जातात. घरचे कर्ज, व्हिसा, तिकीट यांची तजवीज करतात. मनाची आणि शरीराची तयारी मात्र बहुतेकदा राहून जाते.

आजार नव्हे, पण त्रास खरा

घराची ओढ माणसाला आजारी पाडू शकते, हे वैद्यकाने फार पूर्वी नोंदवलं आहे. १६८८ मध्ये योहानेस होफर या तरुण वैद्याने बाझलमध्ये यावर प्रबंध लिहिला आणि त्यासाठी ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द घडवला. १९६० मध्ये कालेर्वो ओबर्ग या मानवशास्त्रज्ञाने परक्या संस्कृतीत बसणाऱ्या धक्क्याचे टप्पे मांडले: आधी नवलाई, मग चिडचिड आणि उदासी, नंतर हळूहळू जम बसणं. प्रत्येकाचा प्रवास याच क्रमाने होतो असं नाही. काहींना सर्वांत जास्त त्रास पोहोचल्या पोहोचल्याच होतो, असं पुढच्या अभ्यासांत दिसलं.

हा धक्का मोठ्या प्रसंगांतून कमी आणि रोजच्या बारीकसारीक गोष्टींतून जास्त बसतो. जर्मनीत रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. मित्राकडेही आधी विचारून जावं लागतं. प्राध्यापक चूक तोंडावर सांगतात. त्यात राग नसतो, पण आपल्याला तो अपमान वाटतो. उलट आपलं ‘बघू’, ‘करतो’ हे त्यांना होकारासारखं ऐकू येतं. ‘जेवलास का?’ असं विचारणारं कोणी नसतं आणि त्या प्रश्नात किती माया होती, हे तिथेच कळतं.

त्यात भर हवामानाची. डिसेंबरच्या अखेरीस सोलापुरात साधारण ११ तासांचा दिवस असतो. बर्लिनमध्ये पावणेआठ तासांहूनही कमी. उजेड घटला की शरीराचं घड्याळ बिघडतं, झोप वाढते, उत्साह मावळतो. काहींना दर हिवाळ्यात येणारं नैराश्य जडतं. शिवाय तिथल्या हिवाळी उन्हात त्वचेला ‘ड’ जीवनसत्त्व जवळपास तयार करता येत नाही आणि सावळ्या त्वचेला त्यासाठी जास्त ऊन लागतं. ब्रिटनमध्ये शरद आणि हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम ‘ड’ जीवनसत्त्व घेण्याचा सल्ला सर्वांनाच दिला जातो. मोठा डोस मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

काय बदलतं?

या त्रासाची दुसरी बाजूही अभ्यासली गेली आहे. २०१३ मध्ये जर्मनीतल्या हजाराहून अधिक विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. परदेशी राहून आलेल्यांची घरी राहिलेल्यांशी तुलना केली, तेव्हा त्यांच्यात नव्याविषयीचा मोकळेपणा वाढलेला आणि भावनिक अस्थिरता कमी झालेली दिसली. यात नव्या देशात जोडलेल्या मैत्रीचा वाटा मोठा होता. २०१८ मधल्या आणखी एका संशोधनात आढळलं, की किती देश पाहिले यापेक्षा परदेशात किती काळ राहिलो, याचा संबंध ‘मी कोण’ या जाणिवेशी अधिक आहे. आपल्या सवयींपैकी खरंच आपल्या कोणत्या आणि नुसत्या अंगवळणी पडलेल्या कोणत्या, हा विचार तिथे करावाच लागतो.

म्हणजे दिवसभर खोलीत बसून घरच्यांशी व्हिडिओ कॉल करणं पुरेसं नाही आणि घर विसरून जाणंही इष्ट नाही. जॉन बेरी या मानसशास्त्रज्ञाच्या मांडणीनुसार, आपलं जपत नव्यात मिसळणाऱ्यांना ताण तुलनेने कमी जाणवतो. सकाळच्या उजेडात रोज चालणं, झोपेची वेळ पाळणं, आठवड्यातून एकदा तरी तिथल्या कोणाबरोबर जेवणं, हे उपाय साधे आहेत. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप-भूक उडाली, तर विद्यापीठातल्या समुपदेशकाकडे जावं. त्यात कमीपणा नाही. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर थांबू नये. युरोपीय संघातल्या सर्व देशांत ११२ हा आपत्कालीन क्रमांक चालतो. इथे काळजीने पोखरलेल्या आईवडिलांसाठी ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे.

आणि घरच्यांनी फोनवर ‘मार्क किती?’ यासोबत ‘आज कोणाशी बोललास?’ हेही विचारावं. परतलेलं लेकरू काही बाबतींत वेगळं वागेल, घरातल्या रीतींना प्रश्न विचारील. ते परकं झालं असं समजू नये. इरावतीबाईही बर्लिनहून परतल्या आणि पंढरीच्या वाटेवर चालल्या. फक्त वेगळ्या पेटलेल्या चुली त्यांच्या डोळ्यांना खुपू लागल्या होत्या.