बुद्धीचे खेळ आणि स्मृतीचा सराव

बुद्धी तल्लख राहावी म्हणून मोबाइलवरचे खेळ खेळावेत काय, असा प्रश्न विहारात येणारे वयस्क उपासक आम्हांस अलीकडे वारंवार विचारतात. कोणाच्या नातवाने असा खेळ बसवून दिलेला असतो. कोणी त्यासाठी दरमहा वर्गणीही भरत असतो. प्रश्नामागील भीती मात्र निराळी असते. ओळखीच्या माणसाचे नाव आठवेनासे झाले, ठेवलेली किल्ली सापडेनाशी झाली, की उद्या आपण घरच्यांनाही ओळखणार नाही काय, ही ती भीती होय. तेव्हा हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

बुद्धीला ताण देणारे खेळ नवे नाहीत. दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात भिक्खूने ज्या करमणुकींपासून दूर राहावे त्यांची लांबलचक यादी येते. तीत अट्ठपद व दसपद, म्हणजे ओळीत आठ किंवा दहा घरे असणाऱ्या पटावरील खेळ आहेत. ‘आकास’ हा खेळ तर पट समोर नसताना, तो मनाने आकाशात कल्पून खेळावयाचा. आज डोळे बांधून बुद्धिबळ खेळणाऱ्याचे कौतुक होते. तो खेळतो ते हेच. हवेत किंवा पाठीवर बोटाने काढलेले अक्षर ओळखणे ही अक्खरिका आणि दुसऱ्याने मनात धरलेली गोष्ट ओळखणे ही मनेसिका. सुत्त या सर्वांस प्रमादाचे स्थान म्हणते. हा दंडक भिक्खूंसाठी आहे, गृहस्थांसाठी नव्हे, हे खरे. तथापि बुद्धीची एवढी कसरत असूनही या खेळांची गणना चित्ताच्या भावनेत, म्हणजे विकासात, केलेली नाही. खेळात चतुर होणे आणि चित्त घडणे या दोन गोष्टी निराळ्या मानल्या आहेत.

आधुनिक संशोधन याच भेदापाशी येते, हे आम्हांस विशेष वाटते. अमेरिकेत 65 वर्षांवरील 2,832 स्त्रीपुरुषांवर झालेल्या एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. काहींना स्मरणाचा, काहींना तर्काचा, तर काहींना पाहिलेले झटपट टिपण्याचा सराव देण्यात आला. ज्याने ज्याचा सराव केला त्यात तो सुधारला. तर्काचा सराव करणाऱ्याचे स्मरण मात्र सुधारले नाही. झटपट टिपण्याच्या सरावाबाबत पुढे काही आशादायक निष्कर्षही आले, परंतु ते त्या विशिष्ट सरावापुरते आहेत. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका प्रयोगात 11,430 लोकांनी सहा आठवडे संगणकावर असे खेळ खेळले. त्यांतही खेळातील कौशल्य वाढले, इतरत्र त्याचा लाभ दिसला नाही. असे असता जाहिराती भलतीच आश्वासने देत राहिल्या. 2016 मध्ये ‘ल्युमोसिटी’ या खेळांच्या चालकांना वृद्धापकाळी बुद्धी क्षीण होणे टळते अशा अर्थाच्या दाव्यांपायी अमेरिकन सरकारी आयोगाशी तडजोड करून वीस लाख डॉलर भरावे लागले.

मग स्मृती वाढते ती कशाने? ‘सति’ या शब्दाचा अर्थ आज केवळ सावधानता असा घेण्याची प्रथा पडली आहे. पण पूर्वी केलेले व बोललेले आठवणे हाही अर्थ निकायांत स्पष्ट आहे. मिलिंदपञ्हात स्मृती कशाकशाने उत्पन्न होते याची गणना आहे. तीत दुसऱ्याने आठवण करून देणे आहे, मोजणे आहे, पाठ धरणे आहे, आणि पुस्तकात लिहून ठेवणेही आहे. म्हणजे लिहून ठेवणाऱ्याने ओशाळण्याचे कारण नाही. प्राचीन भाणक निकायच्या निकाय मुखोद्गत ठेवीत ते संघात बसून. एकाची चूक शेजारचा सुधारी. चुल्लपन्थकाची कथा वाचकांस ठाऊकच आहे. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ झाली नाही. थोरल्या भावाने त्याला मंदबुद्धी ठरवून विहार सोडण्यास सांगितले. भगवंतांनी मात्र त्याच्या हाती स्वच्छ वस्त्राचा तुकडा दिला आणि तो चोळत बसावयास सांगितले. वस्त्र मळत गेले तसे त्याला अनित्य उमगले.

मंदबुद्धी हा शिक्का आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे. तो खोटा ठरविणारे एक उदाहरण आपल्याच अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यात आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. आरंभी गावोगावी प्रशिक्षित परिचारिका ठेवण्याचा बेत होता. तो साधला नाही. मग गावातीलच स्त्रिया निवडण्यात आल्या. त्यांतील बहुतेक निरक्षर होत्या, पुष्कळशा दलित होत्या. त्या वारंवार जामखेडला येत, जात बाजूला ठेवून एकत्र राहत व जेवत, शिकलेले पुनःपुन्हा उजळीत, आणि गावी परतून तेच इतरांस सांगत. बाळंतपण, बालकांचे वजन, कुष्ठरोग व क्षय यांची लक्षणे त्यांनी अशी आत्मसात केली. आरोळे दांपत्याला 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्यात या स्त्रियांचा वाटा मोठा होता. त्यांच्या स्मरणशक्तीचे मोजमाप कोणी केले असे नव्हे. पण विसरले तर बालक दगावेल, अशा ज्ञानाची उजळणी आणि पडद्यावर गुण मिळविण्यासाठी केलेली उजळणी एक कशी म्हणावी?

डॉक्टर ज्यास डिमेन्शिया म्हणतात त्या स्मृतिभ्रंशाविषयी ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञमंडळाने 2024 मध्ये टाळता येण्याजोगी चौदा कारणे नोंदविली. त्यांत बालपणी शिक्षण न मिळणे हे एक आहे. म्हणजे शाळेचे दार बंद ठेवल्याची किंमत ज्याला वगळले त्याच्या म्हातारपणापर्यंत वसूल होते! मुलीला सातवीनंतर घरी बसविणाऱ्या पालकांनी हे ध्यानी घ्यावे. उरलेल्या कारणांत ऐकू कमी येणे, दृष्टी अधू होणे, रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचे धूम्रपान, अतिरिक्त मद्यपान व एकटेपणा ही आहेत.

तेव्हा विचारणाऱ्यांस आम्ही सांगतो की शब्दकोडे आवडत असेल तर अवश्य सोडवावे, बुद्धिबळ नातवाबरोबर खेळावे. वर्गणी भरू नये. ते पैसे आधी कान तपासण्यास व चष्म्यास लावावेत. नेहमीची वाट चुकू लागली किंवा पैशांचा हिशेब जमेनासा झाला तर खेळावर विसंबून न राहता डॉक्टरांकडे जावे. आणि रविवारी विहारात यावे. आमच्याकडे त्या दिवशी एक सुत्त वाचून ज्याने त्याने ते आपल्या शब्दांत शेजाऱ्यास सांगावयाचे असते. गेल्या वर्षावासात सत्तरी ओलांडलेल्या एका उपासिकेने आमचीच एक चूक दाखवून दिली. वही काढून पाहिली, तर बाईंचेच बरोबर होते.