आरव्ही, तळं आणि ११४ लिटर पाणी

एपिसोड ऐकायचा असेल तर प्लेअर वर आहेच. लोकलमध्ये नेट गेलं असेल किंवा आकडे परत बघायचे असतील, तर हे लिखित रूप तुमच्यासाठी. बोलताना मी जरा घसरतो, ते इथे थोडं नीट केलंय. थोडंच.

आजचा विषय आहे आरव्ही. म्हणजे रिक्रिएशनल व्हेईकल, चाकांवरचं घर. इन्स्टावर तुम्ही पाहिलंच असेल: मागचं दार उघडलंय, समोर निळं तळं, हातात कॉफी. भारी वाटतं. पण त्या कॉफीचा कप धुतलेलं पाणी कुठे जातं, हे कुठल्याच रीलमध्ये नसतं. आपण आज तेच बोलणार आहोत.

मी शिकागोच्या उपनगरात राहतो, नोकरी सॉफ्टवेअरची. गेल्या उन्हाळ्यात आई-पप्पा लातूरहून तीन महिन्यांसाठी आले होते. दोन महिन्यांत मॉल झाले, मंदिर झालं, डाऊनटाऊन झालं. नंतर दोघंही अपार्टमेंटच्या खिडकीत बसून पार्किंग लॉट बघायचे. पप्पा म्हणाले, "तुझं गाव चांगलंय रे, पण इथं करायला काहीच नाही." म्हणून ऑगस्टच्या शेवटी चार रात्रींसाठी आरव्ही भाड्याने घेतली आणि गेलो विस्कॉन्सिनमधल्या डेव्हिल्स लेक स्टेट पार्कला.

आधी जागा कशी आहे ते बघू

स्टेट पार्क म्हणजे राज्य सरकारने सांभाळलेलं उद्यान. यलोस्टोनसारखी नॅशनल पार्क वेगळी, ती केंद्राची. डेव्हिल्स लेक १९११ पासून स्टेट पार्क आहे. मॅडिसनहून साधारण तासाभरावर, बाराबू गावाजवळ. तळ्याच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ ५०० फूट उंच कडे आहेत, जांभळट गुलाबी क्वार्टझाईटचे. हा दगड साधारण १७० कोटी वर्षांपूर्वीचा. आपल्या सह्याद्रीचा काळा बसाल्ट साडेसहा कोटींच्या आसपासचा, म्हणजे त्याच्यापुढे अगदी लहान मूल.

इथे आधी नदीची घळ होती. शेवटच्या हिमयुगात हिमनदी आली आणि तिने घळीच्या दोन्ही तोंडांशी दगडमातीचे ढिगारे आणून टाकले. दोन्हीकडून बूच. मध्ये पाणी साठलं, ते हे तळं. यातून बाहेर वाहणारा एकही ओढा नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आणि नावावर जाऊ नका. इथले मूळचे होचंक लोक याला पवित्र तळं म्हणायचे. त्याचं "सैतानाचं तळं" गोऱ्या लोकांनी केलं.

बुकिंग

विस्कॉन्सिनमध्ये स्टेट पार्कची साईट ११ महिने आधीपासून बुक करता येते. उन्हाळ्यातले शनिवार-रविवार लगेच संपतात, तत्काळ तिकिटासारखे. माझी युक्ती साधी: रविवारी जायचं, गुरुवारी परत यायचं, आणि रद्द झालेल्या बुकिंगवर डोळा ठेवायचा. मला जागा तशीच मिळाली. साईट निवडताना वीज आहे का ते बघा. तंबूच्या साईटला ती नसते. शिवाय पार्कमध्ये शिरायला गाडीचं स्टिकर वेगळं घ्यावं लागतं, ते कॅम्पिंगच्या पैशात धरलेलं नसतं.

आमची गाडी क्लास सी होती. समोर ट्रकसारखी केबिन आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर बेड. लांबी २५ फूट. अशी भाड्याची गाडी साध्या कारच्या लायसन्सवर चालवता येते. पण एका गॅलनमध्ये जेमतेम ८-१० मैल जाते, म्हणजे लिटरला चार किलोमीटरच्या आसपास. उंची ११-१२ फूट असते. ती उंची कागदावर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा. ड्राईव्ह-थ्रूच्या छपराला तुमचा अनुभव विचारायची सवय नसते.

वीज: ३६०० वॅटचं गणित

साईटवर एक खांब असतो, त्याला पेडेस्टल म्हणतात. आधी त्याचा ब्रेकर बंद करायचा, मग केबल लावायची, मग ब्रेकर चालू करायचा. मध्ये सर्ज प्रोटेक्टर असलेला बरा. आमचं कनेक्शन ३० अँपिअरचं होतं. इथे व्होल्टेज १२०, म्हणजे ३० गुणिले १२०, झाले ३६०० वॅट. एवढीच तुमची वीज.

आता एसी चालू आहे, तो खातो साधारण १५०० वॅट. चहासाठी इलेक्ट्रिक किटली लावली, आणखी १५००. तेवढ्यात कोणी मायक्रोवेव्ह लावला की खट्! ब्रेकर पडला. आमच्याकडे हे पहिल्या तासात झालं. पप्पांनी लगेच नियम काढला, "किटली लावायची तर एसी बंद. सरळ हिशोब आहे." घरात हा विचार आपण कधी करतो का? नाही, कारण तिथे मर्यादा दिसत नाही.

गॅस म्हणजे प्रोपेन. त्यावर शेगडी, पाण्याचा हीटर आणि थंडीत फर्नेस चालते. शेगडी पेटवली की छतावरची खिडकी उघडा आणि पंखा लावा. आईने मोहरीची फोडणी दिली आणि स्मोक अलार्म असा काही ओरडला की शेजारच्या साईटवरचे आजोबा धावत आले. नंतर सगळ्या फोडण्या बाहेर, पिकनिक टेबलावर.

पाणी: इथे मी तोंडावर पडलो

आरव्हीत पाण्याच्या तीन टाक्या असतात. फ्रेश म्हणजे चांगलं पाणी. ग्रे म्हणजे बेसिन, सिंक आणि शॉवरचं सांडपाणी. ब्लॅक म्हणजे टॉयलेटचं. आमची फ्रेश होती ४० गॅलन, म्हणजे १५१ लिटर. ग्रे आणि ब्लॅक ३०-३० गॅलन, म्हणजे प्रत्येकी ११४ लिटर.

खाजगी आरव्ही पार्कमध्ये बऱ्याचदा साईटवरच पाण्याचा नळ आणि ड्रेनेज असतं. आमच्या साईटवर दोन्ही नव्हतं. पाणी आत शिरतानाच भरून घ्यायचं आणि सांडपाणी जाताना डंप स्टेशनवर सोडायचं. मधल्या काळात जे काही सांडाल ते तुमच्याच पायाखाली, टाकीत.

मला हे सगळं माहीत होतं, मी व्हिडिओ बघितले होते. भिंतीवर एक पॅनलही होतं: बटण दाबलं की कुठली टाकी किती भरली ते दिवे सांगतात. आता आपण सॉफ्टवेअरवाले, डॅशबोर्डवर आपली श्रद्धा. पहिल्या संध्याकाळी मी प्रवासाने घामाघूम झालो होतो, म्हणून मस्त सहा-सात मिनिटं शॉवर घेतला. पप्पांनाही म्हटलं, "घ्या गरम पाण्याने आंघोळ, काळजी करू नका." आरव्हीचा शॉवर बारीक असला तरी मिनिटाला दीड-दोन गॅलन सोडतो. दोन आंघोळींत २४ गॅलन गेले. मग कुकर, कढई, ताटं. पॅनल बघितलं तर ग्रे टाकी एक तृतीयांश. म्हटलं, निवांत.

आई भांडी घासत होती. मध्येच म्हणाली, "अरे, हे पाणी कुठं चाललंय? बाथरूममध्ये बघ की."

बघतो तर शॉवरच्या खालच्या पॅनमध्ये करड्या रंगाचं पाणी वर येत होतं आणि त्यावर भाताची शितं तरंगत होती. टाकी भरली की पाणी सगळ्यात खालच्या तोंडातून वर येतं, आणि गाडीत सगळ्यात खालचं तोंड शॉवरचं. डॅशबोर्ड हिरवा, प्रॉडक्शन बंद! या टाक्यांचे सेन्सर म्हणजे टाकीच्या भिंतीतले साधे धातूचे खिळे. त्यांच्यावर साबण आणि तेल चढलं की आकडे चुकतात. आमचा अडकला होता.

रात्रीचे नऊ वाजले होते. आम्ही तिघं मगने पाणी उपसून बादलीत भरायला लागलो. आई म्हणाली, "त्या झाडाला घालू." घरी आपण तेच करतो ना? पण इथे ग्रे पाणी जमिनीवर सोडायला बंदी आहे. खरकट्याच्या वासाने रकून येतात, आणि साबण झिरपत शेवटी तळ्याकडे जातो. मघाशी म्हटलं होतं ना, या तळ्याला बाहेरचा ओढा नाही. आत गेलेलं वाहून जाणार कुठे? ते तळंही आमच्या टाकीसारखंच, बुचाचं.

मग केबल काढली, लेव्हलिंगचे ठोकळे काढले आणि अंधारात अख्खं घर चालवत डंप स्टेशनवर नेलं.

डंप कसं करायचं

हातमोजे घाला. जाड पाईपचं एक टोक गाडीला आणि दुसरं जमिनीतल्या भोकात घट्ट बसवा. आधी ब्लॅकचा वॉल्व्ह उघडा, ती रिकामी झाली की बंद करा. मग ग्रे उघडा, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाईप धुऊन निघतो. हा क्रम कधीही उलटा करू नका. साईटवर असताना ब्लॅकचा वॉल्व्ह बंदच ठेवा. उघडा राहिला तर पाणी निघून जातं आणि बाकीचं मागे वाळतं. पुढे काय होतं ते मी सांगत नाही, तुम्ही कदाचित जेवत असाल. पिण्याच्या पाण्याची नळी वेगळी असते, ती या पाईपच्या जवळपासही नेऊ नका.

पाईप धरून उभा असताना मी आईला सॉरी म्हटलं. तुम्हाला फिरायला आणलं आणि हे काय करायला लावलं, असं काहीतरी. ती हसायला लागली. "हे काय पाणी सांभाळणं? २०१६ ला काय होतं तुला माहीत नाही."

मला खरंच माहीत नव्हतं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं, ही बातमी तुम्हीही पाहिली असेल. मी तेव्हा पुण्यात हॉस्टेलवर, बीटेकच्या पहिल्या वर्षाला. फोनवर विचारायचो, आई म्हणायची, "आमचं भागतंय." ते कसं भागत होतं, ते तिने त्या रात्री डंप स्टेशनवर सांगितलं. आठ-आठ दिवसांनी टँकर. दोन ड्रम, एक पिण्याचा आणि एक वापरायचा. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं संडासला. पप्पा रोज ड्रमवर बोटाने टकटक करून पाणी किती उरलं ते सांगायचे. मी म्हटलं, "मला का नाही सांगितलं?" ती म्हणाली, "तुझी परीक्षा होती."

यावर मी काय बोलणार? फ्रेश टाकी परत भरली आणि गप गाडी साईटवर आणली.

पुढचे तीन दिवस

सकाळी सगळा कारभार आईच्या हातात गेला. आंघोळ पार्कच्या शॉवर इमारतीत, म्हणजे ते पाणी आमच्या टाकीत येतच नाही. ताटं आधी कागदाने पुसायची, मग दोन टबांत धुवायची, एक साबणाचा, एक साधा. सिंकचा नळ वाहता ठेवायचा नाही, तांब्याने पाणी घ्यायचं. आणि पॅनलचं बटण दाबायचं नाही, तांबे मोजायचे. पप्पांनी टाकीवर टकटक करून पाहिलं, पण ती गाडीच्या पोटात होती. त्यांना जरा वाईट वाटलं.

१५१ लिटरमध्ये तीन माणसं, तीन दिवस. म्हणजे माणशी रोज साधारण १७ लिटर. निघताना फ्रेश टाकीत पाणी उरलं होतं. पहिल्या संध्याकाळी एकट्या ग्रे टाकीत आम्ही ११४ लिटर ओतले होते.

आणि त्या तीन दिवसांत पप्पा खिडकीत बसून राहिले नाहीत. सकाळी केबल तपासणं, दुपारी तळ्याच्या काठाने दगडांमधून चालणं, संध्याकाळी शेकोटी. शेकोटीचं लाकूड घरून नेऊ नका. अ‍ॅश झाडं मारणारी कीड अशा लाकडातूनच पसरते, म्हणून विस्कॉन्सिनच्या पार्कमध्ये दहा मैलांच्या आतलं किंवा प्रमाणित लाकूडच चालतं. रात्री ११ नंतर शांतता पाळायची असते. तळ्यावर पेट्रोलची मोटर लावलेल्या बोटींना परवानगी नाही, त्यामुळे ऐकू येते ती फक्त काठावरून जाणारी मालगाडी. ती पहिल्यांदा गेली तेव्हा पप्पा उठून डबे मोजायला लागले. पाण्याची गाडी आल्यावर लातूरच्या स्टेशनवर मोजले होते तसे, असं नंतर आई म्हणाली.

तर मंडळी, आरव्ही घ्यायची असेल तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. टाक्यांचे आकडे लिटरमध्ये लिहून फ्रीजवर लावा. पहिल्या दिवशी सेन्सरवर विश्वास ठेवू नका. आणि सोबत असं एक माणूस न्या ज्याने कधीतरी टँकरची वाट पाहिली आहे. व्हिडिओत नसतं ते सगळं त्याला येतं.

तुमच्या घरी २०१६ मध्ये पाणी कसं भागायचं, हे आज आईला विचारा. उत्तर व्हॉइस नोटवर पाठवलंत तर पुढच्या भागात ऐकवेन. भेटू!