जुन्या मोटारीचा योगक्षेम

संस्कृतांत ‘योगक्षेम’ हा एक फार सोयीचा शब्द आहे. जें आपणांपाशीं नाहीं तें मिळविणें म्हणजे योग, आणि मिळालेलें राखणें म्हणजे क्षेम. मध्यम स्थितींतील कुटुंबें जुनी मोटार घेतात तेव्हां योगाचा विचार महिनाभर चालतो. किंमत किती, रंग कोणता, मागें तिघें बसतील कीं चौघें, याची चर्चा स्वयंपाकघरापर्यंत जाते. क्षेमाचा विचार मात्र गाडी दारांत उभी राहिल्यावर सुरू होतो. वास्तविक गाडीची किंमत एकदांच द्यावी लागते. क्षेमाची दरसाल द्यावी लागते.

गाडी पाहावयास गेलें म्हणजे पहिला प्रश्न ‘किती चालली आहे?’ हा असतो. ‘बारा वर्षांत अवघी २५,००० किलोमीटर’ असें उत्तर आलें कीं घेणाराचा चेहरा खुलतो. ‘डॉक्टरसाहेबांची गाडी आहे, कधीं बाहेर काढलीच नाहीं,’ हें वाक्य दलालाच्या तोंडीं असतेंच. आम्हांस विचाराल तर ही स्तुति नव्हे. मोटारींत दोन तऱ्हेच्या वस्तु असतात. ब्रेकचे पॅड, क्लचप्लेट, बेअरिंग या चालल्यानें झिजतात. टायर, रबरी नळ्या, पट्टे, बॅटरी, ब्रेकचें तेल या वस्तु मात्र गाडी जागेवर उभी असली तरी कालमानानें जुन्या होतात. मीटरवरचा आंकडा पहिल्या वर्गाविषयीं सांगतो. दुसऱ्याविषयीं तो एक अक्षरही बोलत नाहीं.

टायरचेंच उदाहरण घ्या. त्याच्या बाजूस चार आंकडे ठसविलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ‘२३१७’ असें असल्यास तो टायर २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झाला. नक्षी नव्यासारखी दिसत असली तरी रबर कडक होऊन त्यास बारीक भेगा पडलेल्या असतात, आणि मे महिन्याच्या उन्हांत भर रस्त्यावर तो फुटावयास तेवढें पुरतें. ब्रेकच्या तेलाची गोष्ट याहून गंभीर. तें हवेंतील ओलावा शोषून घेतें. ओलावा वाढला कीं त्याचा उत्कलनबिंदु खालीं येतो. गांवांत हें जाणवतही नाहीं. पण महाबळेश्वराहून पोलादपूरकडे आंबेनळीचा घाट उतरतांना ब्रेक तापतात, तेलांत वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाखालचें पेडल एकाएकीं खोल जातें. सामान्यतः दोन वर्षांनीं बदलावयाचें हें तेल घरच्या गाडींत कितीदां बदललें गेलें, हें कोणत्याही कुटुंबानें आपल्या मनाशीं विचारून पाहावें.

उलट बाजू पाहावयाची तर मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी आठवावी. वालचंद हिराचंद यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेली ती पद्मिनी. तिची अखेरची टॅक्सी म्हणून नोंदणी २००३ सालीं झाली आणि वीस वर्षांची मर्यादा भरतांच ऑक्टोबर २०२३ मध्यें ती रस्त्यावरून गेली. वीस वर्षें मुंबईचा पाऊस, खारी हवा आणि गर्दी सोसून ती टिकली, याचें कारण ती रोज चाले आणि तिचा आवाज रोज एका जाणत्या माणसाच्या कानांवर पडे. आवाज बदलला कीं त्याच दिवशीं बॉनेट उघडलें जाई. घरच्या गाडीच्या वांट्यास असा कान क्वचितच येतो.

एकत्र कुटुंबांत तर ही अडचण अधिक. मोटार ही सामायिक वस्तु. चालविणारे पांच, पाहणारा कोणीच नाहीं. आमच्या आळींतील एका अकरा माणसांच्या घरीं नऊ वर्षांची, अवघी १९,००० किलोमीटर चाललेली गाडी होती. एके रात्रीं आजींना दम्याचा झटका आला. किल्ली फिरविली तों नुसतें ‘टक्’ झालें. गाडी तीन आठवड्यांत सुरूच केलेली नव्हती आणि बॅटरीस पांच वर्षें होऊन गेलीं होतीं. थोरल्यांना वाटे धाकटे पाहतात, पुतण्यांना वाटे काका पाहतात. कोपऱ्यावरची रिक्षा मिळाली म्हणून बरें; आजी चार दिवसांनीं सुखरूप घरीं आल्या. त्यानंतर त्या घरच्या दुसऱ्या सूनबाईंनीं एक वही घातली. टायरचें साल, बॅटरीची तारीख, तेल कधीं बदललें, विमा कधीं संपतो, सर्व त्या वहींत असतें. दर गुरुवारीं व रविवारीं त्या गाडी हमरस्त्यावर वीस किलोमीटर नेऊन आणतात. आतां घरांतील वडील माणसेंही त्यांस विचारल्यावांचून किल्ली उचलीत नाहींत.

खर्चाचा हिशेबही याच दिशेस जातो. समजा, गाडी लिटरला १६ किलोमीटर जाते आणि पेट्रोल १०४ रुपये लिटर आहे. म्हणजे किलोमीटरला साडेसहा रुपये. विमा, सालाची सर्व्हिस, पी. यू. सी., किरकोळ दुरुस्ती आणि टायर-बॅटरीसाठीं बाजूस ठेवावयाची रक्कम मिळून वर्षाचे १८,००० धरूं. गाडी ९,००० किलोमीटर चालली तर हा भार किलोमीटरला दोन रुपये पडतो; ३,००० चालली तर सहा. म्हणजे कमी चालविणाराचा किलोमीटर साडेबारा रुपयांस पडतो, आणि तो मात्र काटकसर केल्याच्या समाधानांत असतो. वर्षाला जेमतेम हजार-दीड हजार किलोमीटर जाणाऱ्या घरानें भाड्याची गाडी करावी हें स्पष्टच आहे, परंतु दारांतील मोटारीचा मान भाड्याच्या गाडीस नाहीं, हेंही आम्ही जाणतों.

पेट्रोलविषयीं एक नवी बाब आहे. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल देशांत पसरलें. इथेनॉल कांहीं अंशीं आमच्याच उसाचें, तेव्हां त्याचा राग धरवत नाहीं. तथापि जुन्या धर्तीच्या चारचाकींचा इंधनखर्च त्यामुळें सहा ते सात टक्के वाढेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ सालच्या अहवालांतच होता. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या व सीलें यांची तपासणी म्हणून अधिक वेळां करावी. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडींत पेट्रोलाची टाकी ओलावा धरते, आणि बॉनेटखालीं उंदीर तारा कुरतडतात तें वेगळेंच.

कागदपत्रांविषयीं थोडक्यांत. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची; पुढें दर पांच वर्षांनीं गाडी दाखवून नूतनीकरण. याची फी पूर्वीं ६०० रुपये होती, ती १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्यें वीस वर्षांवरील मोटारीस १०,००० ठरली. पर्यावरण कर निराळा. तेव्हां तेरा वर्षांची गाडी स्वस्त मिळाली तर दोन वर्षांनीं येणारा हा खर्च किंमतींतून आधींच वजा करून बोलावें. आर. सी. बुकावर बँकेचा बोजा आहे काय, आणि चलनें थकलीं आहेत काय, हें पाहावें. ‘नो क्लेम बोनस’ हा गाडीचा नसून मालकाचा असतो, म्हणून विकणारानें त्याचें आमिष दाखविल्यास ऐकूं नये.

गाडी पाहावयास जावयाचें तें सकाळीं, आणि इंजिन आधीं तापवूं नका असें सांगून. थंड इंजिन एका किल्लींत सुरू होतें कीं खोकत होतें, हें कोणत्याही प्रमाणपत्राहून अधिक सांगतें. मग पायाकडे पाहावें. मीटर २५,००० दाखवितो आणि पेडलचें रबर गुळगुळीत झालेलें आहे, असें दिसल्यास चहा न घेतां उठावें. सर्व्हिसची पुस्तिका मागावी. पुस्तिकेच्या नोंदींत दोन-तीन वर्षांची पोकळी असेल तर तीं वर्षें गाडी उभीच होती असें धरून चालावें. दोन गाड्यांत निवड करावयाची झाल्यास ८०,००० किलोमीटर नेमानें चाललेली, एकाच गॅरेजांत गेलेली गाडी आम्ही घेऊं; २५,००० ची, झांकून ठेविलेली घेणार नाहीं.

आणि एखादे वर्षीं दुरुस्तीचा आंकडा गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेला, तर ती मोडींत काढावी. मात्र गल्लींतील भंगारवाल्यास देऊं नये. मान्यताप्राप्त स्क्रॅपिंग केंद्रांत देऊन ठेव-प्रमाणपत्र घ्यावें आणि आर. टी. ओ. कडील नोंदणी रद्द करून घ्यावी. नोंदणी तशीच राहिली तर कागदोपत्रीं मालक आपणच राहतों, आणि त्या क्रमांकाखालीं पुढें कांहीं घडलें तर पोलीस आपल्याच दारीं येतात.